पिंजारलेले केस आणि बोअरचे पाणी

शिरूरच्या बाजारपेठेत किंवा दौंड स्टेशनाजवळ कुठल्याही जनरल स्टोअरमध्ये केसांच्या वस्तूंचा कप्पा पाहिला, तर खोबरेल तेलाच्या निळ्या बाटल्या आणि सिरमच्या चिमुकल्या पारदर्शक बाटल्या शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतात. गिऱ्हाइकांच्या मनात मात्र त्या दोन विरोधी पक्षांच्या आहेत. एक आजीच्या हातची, दुसरी पार्लरची. एक ‘नॅचरल’, दुसरी ‘केमिकल’. प्रत्यक्षात पॅराशूट आणि लिव्हॉन ही दोन्ही नावे मुंबईच्या मॅरिको या एकाच कंपनीची आहेत. लिव्हॉन तिने २०१२ साली विकत घेतले. एकाच घरात दोन्ही बाटल्या का असू नयेत, हा प्रश्न त्या कंपनीला पडलेला नाही. वापरणाऱ्या मुलींना मात्र गेली काही वर्षे सारखे एकच काहीतरी निवडायला सांगितले जाते. सिरममधले सिलिकोन म्हणजे केसांवर चढवलेले प्लॅस्टिक, असे एक जण बजावतो. तेल म्हणजे धूळ ओढणारा चिकटा, असे दुसरा सांगतो.

या वादाचा आढावा घेताना मी तो घोड, भीमा आणि मुळा-मुठेच्या काठच्या या टापूपुरताच ठेवते आहे. केसांबद्दलचे बहुतेक सल्ले दुसऱ्या हवेतून आणि दुसऱ्या पाण्यातून येतात. कोकणातल्या बाईला जे जमते ते मलठणच्या किंवा पाटसच्या बाईला जमेलच असे नाही. आणि तेल व सिलिकोन या दोघांवर इथे जे आरोप होतात, त्यांतले बरेचसे गुन्हे पाण्याचे आहेत, असे माझे ठाम मत आहे.

केस का पिंजारतात ते आधी नीट समजून घ्यावे. केसाच्या बाहेरच्या अंगावर एकावर एक बसलेले पातळ खवले असतात आणि आत केराटिन या प्रथिनाचे लांब धागे. निरोगी केसाच्या खवल्यांवर एका विशिष्ट स्निग्ध आम्लाचा अतिशय पातळ थर जन्मजात चिकटलेला असतो. तो पाण्याला आत शिरू देत नाही. ब्लीच, केसांचा डाय, अल्कलीयुक्त साबण, उन्हाचा मारा आणि ओल्या केसांत जोरात ओढलेला कंगवा यांनी तो थर जातो, खवले उचकटतात आणि केस हवेतली वाफ शोषू लागतो. हवेत आर्द्रता अगदी भरपूर असेल तेव्हा केस स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास पाणी धरू शकतो. केराटिनच्या धाग्यांना एकमेकांशी बांधणारे हायड्रोजन बंध या पाण्याने सुटतात आणि पुन्हा भलत्याच जागी जुळतात. प्रत्येक केस आपापल्या दिशेने वळतो आणि वेणीतून बटा बाहेर येतात. कुरळ्या केसांची अडचण आणखी एक. टाळूतून पाझरणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून टोकापर्यंत घरंगळते, कुरळ्या केसाच्या वळणांवर ते अडते. म्हणून कुरळ्या केसांची मुळे तेलकट आणि टोके राठ, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते.

इथली हवा वर्षभर एकसारखी नसते. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत येतात. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, हवा कोरडी असते, केस वाळक्या गवतासारखे होतात. मग तुकोबांची पालखी यवत आणि वरवंडला मुक्कामी असते त्या सुमारास हवा बदलते. पाऊस पडो न पडो, आभाळ भरलेले, वारा सुटलेला आणि हवा ओलसर. पावसाची वाट बघण्यात जून-जुलै गेला तरी केस मात्र पावसाळ्यातलेच होतात, आणि पश्चिमेचा तो वारा त्यात गुंता घालतो. त्यामुळे एकाच बाईला मे महिन्यात एक उपाय लागू पडतो आणि जुलैत दुसरा. बारा महिने चालणारा उपाय सांगणाऱ्यावर म्हणूनच लगेच विश्वास ठेवू नये.

आता तेल. खोबरेल तेल या भागाचे मूळचे नव्हे. ते किनाऱ्यावरून आले. या कोरडवाहू पट्ट्यातली जुनी तेले म्हणजे करडई, भुईमूग, तीळ आणि कारळ. घाण्यावरून जे घरात येई तेच फोडणीला आणि तेच डोक्याला. आता लाकडी घाण्याचे तेल पुन्हा विकले जाते आणि त्याबरोबर ‘आपले तेल आपल्या केसांना’ असा आग्रहही येतो. तो आग्रह भावनेला पटतो. केसाच्या बाबतीत मात्र सगळी तेले सारखी नाहीत, आणि याचा सर्वांत भक्कम पुरावा मुंबईतूनच आलेला आहे.

मॅरिकोच्या संशोधन विभागातल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल अशी तीन तेले त्यांनी केसांच्या बटांना धुण्याच्या आधी आणि धुतल्यानंतर लावून पाहिली आणि बटांमधून किती प्रथिन निघून जाते ते मोजले. चांगल्या केसांत आणि रसायनांनी खराब झालेल्या केसांतही प्रथिनाची गळती कमी केली ती फक्त खोबरेलाने. कारण रेणूच्या घडणीत आहे. खोबरेलात जवळपास निम्मा भाग लॉरिक आम्लाचा. त्याची साखळी आखूड आणि सरळ, शिवाय प्रथिनाशी तिचे जुळते, म्हणून ती केसाच्या आत जाते. प्रिन्स्टनच्या टेक्स्टाइल रिसर्च इन्स्टिट्यूटबरोबर २००१ साली केलेल्या आधीच्या अभ्यासात खोबरेल केसाच्या आत उतरलेले दिसले होते आणि खनिज तेल बाहेरच राहिलेले. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीचे आहे हे वाचताना विसरू नये. पण या क्षेत्रातला बहुतेक अभ्यास कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या पैशाने होतो, सिलिकोनचा तर विशेषच.

या निबंधाचा उल्लेख तेलाचे समर्थक वारंवार करतात, पण त्यातली एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. त्यात मोजली गेली प्रथिनाची गळती, पिंजारलेपणा नव्हे. केस धुताना पाण्याने फुगतो आणि वाळताना आकसतो, आणि या रोजच्या फुगण्या-आकसण्याने खवले झिजतात. आत मुरलेले खोबरेल तेल पाण्याला तितकी जागा देत नाही, म्हणून झीज कमी होते. याचा फायदा आज संध्याकाळी दिसत नाही, काही महिन्यांनी दिसतो. म्हणजे तेलाची खरी वेळ न्हाण्याच्या आधीची आहे. रात्री किंवा निदान दोन-तीन तास आधी लावलेले तेल काम करते. न्हाऊन कोरड्या झालेल्या केसांवर थापलेले तेल वरच्या वर बसते आणि पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर स्कूटीवरून जाताना सगळा धुरळा गोळा करते. आपल्या आज्या शनिवारी रात्री तेल घालून रविवारी न्हायला सांगत, त्यात हा शहाणपणा होताच.

मग करडईचे काय? करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असते. त्याची साखळी लांब आणि दोन ठिकाणी वाकलेली, त्यामुळे केसाच्या आत ते तितक्या सहज जात नाही. शिवाय हवेत ते लवकर खवट होते आणि जाड थर राहिला तर चिकट बनते. करडईचे तेल आटवून रोगण करत आणि चामड्याला पाणी लागू नये म्हणून लावत, तो गुण याच रसायनातला. करडई खाण्यासाठी उत्तम आहे आणि तिची शेती इथून जाऊ नये असे मला मनापासून वाटते, पण केसांसाठी मी ती सुचवणार नाही. कारळाच्या तेलाची घडणही जवळपास तशीच. तीळ आणि भुईमूग मधले. टोकांवर चार थेंब चोळायला चांगले. एरंडेल घट्ट आणि चिवट, ते एकटे लावले तर निघता निघत नाही, खोबरेलात थोडे मिसळावे. जवसाचे तेल तर वाळून कडकच होते, ते डोक्याला नको. जवस उकळून निघणारा बुळबुळीत रस मात्र वेगळी वस्तू आहे. ओल्या कुरळ्या केसांना तो लावून वाळू दिला तर बटा जागच्या जागी राहतात, आणि खर्च मूठभर जवसाचा.

माका, ब्राह्मी, जास्वंद घालून कढवलेल्या तेलांवर लोकांची माया आहे. वास, हात, आठवण या सगळ्यांना मोल आहे. पण टाळूच्या वर आलेला केस जिवंत नसतो, त्याला पोषण देता येत नाही, त्याची फक्त झीज थांबवता येते. नारळ, एरंड आणि अर्गन या तेलांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला. केस तुटणे कमी होण्याबाबत खोबरेलाच्या बाजूने पुरावा आहे, केस वाढण्याबाबत मात्र तो तोकडा, असेच त्यातून दिसते. ‘हलके’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सुगंधी तेलांची मागची बाजू वाचावी. बदामाचे किंवा आवळ्याचे चित्र पुढे आणि घटकांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर मिनरल ऑइल किंवा लाइट लिक्विड पॅराफिन, असे पुष्कळदा असते. ते घातक नाही, केसांना गुळगुळीतही करते. पण ते पेट्रोलियमचे आहे, बदामाचे नव्हे, आणि केसाच्या आत जात नाही. शुद्ध खोबरेल ओळखण्याची एक सोपी खूण म्हणजे बाटलीवरचा खाद्यतेलाचा उल्लेख. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छोट्या बाटल्यांतल्या शुद्ध खोबरेलाला करासाठी खाद्यतेल मानता येते असे ठरवले, ते याच बाटल्यांबद्दल. थंडीत इथे रात्रीचा पारा दहा अंशांपर्यंत उतरतो आणि खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजते. बाटली थिजली म्हणजे तेल भेसळीचे, असा समज कुणी करून घेऊ नये. उलट थंडीत जे थिजतच नाही त्याचाच संशय घ्यावा.

सिलिकोनची गोष्ट वेगळ्या कारखान्यातून सुरू होते. वाळूतल्या सिलिकॉनपासून हे लवचीक रेणू मोठ्या प्रमाणावर बनवण्याची वाट अमेरिकेत १९४० साली यूजीन रोखाव यांना सापडली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शांपू आणि कंडिशनर एकाच बाटलीत देण्याची युक्ती निघाली, तेव्हापासून ते घरोघर पोचले. डायमेथिकोनचा पृष्ठताण इतका कमी की एक थेंब तळव्यावर चोळला तर पुष्कळ केसांवर पसरतो आणि प्रत्येकावर अगदी पातळ पटल सोडतो. खवले बसतात, केस केसाला घासत नाही, कंगवा अडत नाही, चमक येते. वाफ पूर्ण बंद होत नाही, केसात शिरायला तिला जास्त वेळ लागतो एवढेच. म्हणून सिरम लावून सकाळी निघालेल्या मुलीचे केस दुपारपर्यंत टिकतात, आणि जुलैतल्या दमट संध्याकाळी पुन्हा उठतात. हा सिरमचा दोष नव्हे, त्याचे काम तेवढेच आहे.

सगळी सिलिकोनेही एक नाहीत. यादीत सायक्लोपेंटासिलॉक्सेन दिसले तर ते उडून जाणारे आहे. बाकीच्यांना पसरवते आणि हवेत निघून जाते. डायमेथिकोन आणि डायमेथिकोनॉल मागे राहतात. अमोडायमेथिकोनवर धन भार असतो आणि खराब केसावर ऋण भार जास्त, त्यामुळे ते नेमके जिथे केस उसवलेला आहे तिथेच चिकटते आणि बाकी ठिकाणी फारसे साचत नाही. डाय लावणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या बायकांना मी हेच सुचवेन, कारण डायने केसावरचा जन्मजात स्निग्ध थर गेलेला असतो आणि खोबरेलाने तो परत येत नाही. नावापुढे पीईजी असलेली सिलिकोने पाण्यात सहज निघतात. सिरम टाळूला लावायचे नसते. न्हाऊन केस टॉवेलने टिपून घ्यावेत, चोळू नयेत, आणि ओलसर असतानाच कानांच्या खालच्या भागाला दोन-तीन थेंब. इस्त्री फिरवायचीच असेल तर केस पूर्ण कोरडे हवेत. ओल्या केसावर तापलेली पट्टी ठेवली की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे येतात आणि तो तिथेच तुटतो.

सिलिकोनवरचा मोठा आरोप असा की ते साचते, केसाला ‘श्वास घेऊ देत नाही’ आणि पाणी आत जाऊ देत नाही. केस श्वास घेत नाही, हा भाग सोडून देऊ. साचण्याचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. परदेशात २००१ साली लॉरेन मॅसी यांच्या ‘कर्ली गर्ल’ या पुस्तकाने कुरळ्या केसांसाठी जोरकस सल्ला दिला: सल्फेटचा शांपू सोडा आणि सिलिकोनही सोडा. दोन्ही सोडले तर हिशोब बरोबर बसतो. इथे बहुतेक जणी पहिले सोडतात आणि दुसरे चालू ठेवतात, किंवा उलट. सौम्य शांपूने घट्ट सिलिकोन पुरते निघत नाही, म्हणून साचते. नेहमीच्या शांपूने ते बऱ्यापैकी निघते. आणि ‘मी सिलिकोन वापरतच नाही’ असे सांगणाऱ्यांनी दुकानाच्या दारात लटकणारी शांपूची एक-दोन रुपयांची पुडी उलटी करून पाहावी. मोठ्या कंपन्यांच्या कितीतरी शांपूंमध्ये डायमेथिकोन किंवा डायमेथिकोनॉल असतेच. ऊसतोडीच्या कोपीपासून रांजणगाव एमआयडीसीच्या कॉलनीपर्यंत सिलिकोन केव्हाच पोचले आहे. तेलही आहेच. वाद घालणाऱ्या बहुतेक डोक्यांवर दोन्ही आहेत.

आता पाण्याकडे येते, कारण खरा घोळ तिथे आहे. या तालुक्यांच्या पोटात काळा पाषाण. त्यातून मुरून बोअरमध्ये येणारे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येते. दौंडच्या बाजूला खडकवासल्याच्या उजव्या कालव्याखालच्या उसाच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे पाणी देऊन जमिनी जागोजाग खारवट झाल्या आहेत, आणि तिथली विहीर-बोअर अधिकच मचूळ. लोक त्याला जड पाणी किंवा क्षाराचे पाणी म्हणतात. बादलीच्या कडेला आणि हीटरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण काठिण्य लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावे असे म्हटले आहे. केसांसाठी असे मानक कुणी केलेले नाही, पण केसाला ते कळते. केसावर ऋण भार असतो, कॅल्शियम त्याला जाऊन चिकटते, आणि केस जितका खराब तितके जास्त.

आता त्यात साबण घाला. अजूनही पुष्कळ घरांत अंगाच्या साबणानेच डोके धुतात. जड पाण्यात साबणाचा कॅल्शियमशी संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो. केसात आधीच तेल असेल तर साका आणि तेल मिळून मेणचट थर होतो, कंगव्याच्या दातांत राखाडी मळ येतो, आणि बाई म्हणते की तेलाने केस चिकट झाले. दुसरीच्या डोक्यावर साबण नसतो, सिरम असते. कॅल्शियमने केस खरखरीत झालेले असतात, ती म्हणते सिलिकोनने केस मेले. दोघींचा अनुभव खरा आहे. पुण्याला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुली सांगतात की तिथे गेल्यावर त्याच तेलाने आणि त्याच शांपूने केस सुधारले, त्याचे कारणही मला बहुतांशी धरणाच्या पाण्यात दिसते.

शास्त्राचा निकाल अजून एकमताचा नाही, हे सांगितले पाहिजे. ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजी’मध्ये २०१३ साली आलेल्या भारतीय अभ्यासात जड पाण्याने केसाच्या ताणशक्तीत लक्षणीय फरक दिसला नाही, २०१८ साली पाकिस्तानातल्या संशोधकांना केस कमजोर झालेले दिसले. पण दोन्ही ठिकाणी मोजली ती ताकद. राठपणा आणि गुंता हा पृष्ठभागाचा प्रश्न आहे, तो तुटण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो.

उपाय स्वस्त आहेत. पहिला, डोक्याला अंगाचा साबण बंद. दुसरा, शांपूच्या यादीत डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए आहे का ते पाहावे. हा घटक कॅल्शियमला धरून ठेवतो आणि केसावर बसू देत नाही. तिसरा, गावोगावी पिण्यासाठी आरओचे पाणी जारने मिळते, त्यातले दोन तांबे शेवटच्या धुण्याला ठेवावेत. सगळी आंघोळ त्या पाण्याने करायची गरज नाही, केसावर शेवटी कुठले पाणी वाळते ते महत्त्वाचे. पावसाळ्यात पन्हळीचे पाणी सर्वांत उत्तम आणि फुकट. लिंबाचा रस घातलेले पाणी शेवटी ओतून परत साध्या पाण्याने धुतले तरी क्षार सुटतात आणि खवले बसतात. आणि शिकेकाई-रिठ्याला या पाण्यात पुन्हा मान मिळायला हवा. त्यांचा फेस सॅपोनिनचा असतो, साबणासारखा त्याचा कॅल्शियमबरोबर साका होत नाही, आणि शिकेकाईचे पाणी मुळातच किंचित आंबट. ‘शिकेकाई’ नाव छापलेली वडी मात्र बहुतेक वेळा साबणच असते, तिला हा गुण नाही. खरी शिकेकाई केस कोरडे करते, हे तिच्यावरचे बोट बरोबर आहे. म्हणून आधी खोबरेल, मग शिकेकाई, मग शेवटचे गोडे पाणी, आणि दमट दिवसांत वरून थेंबभर सिरम. मला या भागासाठी हाच क्रम सर्वांत पटतो.

पाणी घराबाहेर जाते तेव्हाही प्रश्न संपत नाही. मुळा-मुठा शिरूर तालुक्यात रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, भीमा दौंडवरून पुढे उजनीत जाते. पुणे शहर जे काही अंगावरून, डोक्यावरून धुते, त्याचा मोठा भाग या काठच्या गावांसमोरून वाहतो. जलपर्णी आणि फेस इथल्या लोकांना कुणी दाखवून द्यायला नको. युरोपीय संघाने डी-४ आणि डी-५ ही वलयाकार सिलिकोने धुऊन टाकायच्या प्रसाधनांत ०.१ टक्क्यावर येऊ नयेत असा नियम ३१ जानेवारी २०२० पासून केला, आणि २०२४ च्या नियमाने तो २०२७ पासून केसावर ठेवायच्या प्रसाधनांनाही लागू होतो. कारण ही रसायने पाण्यात आणि गाळात फार काळ टिकतात. डी-४ वर प्रजननक्षमतेला बाधा आणण्याचा संशयही आहे. वर ज्याला सायक्लोपेंटासिलॉक्सेन म्हटले ते डी-५. केसावरून ते मुख्यतः हवेत जाते आणि तिथे काही दिवसांत विघटते, म्हणून कॅनडाने २०१२ साली त्याच्यावर बंधन घालण्याचे नाकारले. दोन ठिकाणचे दोन निर्णय, आणि दोन्हींमागे अभ्यास आहे. माझा कल युरोपकडे आहे, कारण नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्याने शंकेचा फायदा रसायनाला देऊ नये. पण भीमेच्या फेसाचा दोष सिरमच्या थेंबांवर टाकणेही बरोबर नाही. तो न शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा आणि कपडे धुण्याच्या पावडरींचा आहे.

तेल की सिलिकोन या वादाने एक खरा धोका झाकला जातो, आणि त्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. लग्नसराईत तालुक्याच्या गावांतल्या पार्लरमध्येही ‘केराटिन’ आणि ‘स्मूदनिंग’चे फलक लागतात. केस चार-सहा महिने सरळ राहतात ते त्यातल्या केराटिनने नव्हे. अशा कितीतरी द्रावणांत फॉर्मल्डिहाइड किंवा तापल्यावर ते सोडणारी रसायने असतात, आणि दोनशे अंशांच्या आसपास तापलेली इस्त्री फिरवली की ते वाफेतून बाहेर येते. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने फॉर्मल्डिहाइडला २००४ साली माणसात कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात घातले. ‘फॉर्मल्डिहाइड-मुक्त’ म्हणून आलेल्या पर्यायांत ग्लायऑक्सिलिक आम्ल असते; २०२४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी एका तरुणीची हकिगत दिली, जिच्या मूत्रपिंडांना प्रत्येक वेळी अशा उपचारानंतर इजा झाली होती. गिऱ्हाईक वर्षातून दोनदा ती वाफ घेते. पार्लरमधली ताई, बहुधा एका बंद गाळ्यात एसी लावून, मोसमभर घेते. तिच्या डोळ्यांतून पाणी येत असेल तर तो वासाचा त्रास नसून इशारा आहे. खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेने आणि बाटलीवरची घटकांची यादी वाचल्याशिवाय काम नाही, एवढे तिने स्वतःसाठी मागितलेच पाहिजे. सिरमच्या बाटलीला विष म्हणणाऱ्या लोकांनी या वाफेबद्दल बोलावे.

टाळूबद्दल थोडक्यात. कोंडा असेल तर टाळूला तेल नको. कोंड्यामागची बुरशी तेलातल्या स्निग्ध आम्लांवरच जगते, त्यामुळे तेल चोळून कोंडा जातो ही समजूत उलटी आहे. तेल केसांच्या लांबीला लावावे. कपाळावर पुटकुळ्या येत असतील तरी तेच.

आणि शाळा. तेल चोपडून घट्ट दोन वेण्या, वर रिबिनी, हा नियम अजूनही अनेक शाळांत आहे. सरळ केसांच्या मुलीला तो सोपा जातो. कुरळ्या केसांच्या मुलीच्या बटा पहिल्या तासाला बाहेर येतात आणि तिला ‘झिंज्या आवर’ असे वर्गासमोर ऐकावे लागते. तिचे केस घाण नसतात, कोरडे असतात. लहान मुलींना सिरमची गरज नाही. न्हाण्याआधी खोबरेल, मोठ्या दातांचा कंगवा आणि टोकांकडून वर असा गुंता काढणे पुरते. वेणी सैल असली तर बिघडत नाही. घट्ट ओढलेल्या वेण्यांनी कपाळावरचे केस मुळापासून विरळ होतात, हे त्वचारोगतज्ज्ञ कधीचे सांगत आहेत.

या सगळ्याची परीक्षा इथेच घेता येईल. पाण्याचे काठिण्य ईडीटीएने मोजण्याचा प्रयोग बीएस्सीचे विद्यार्थी करतात. शिरूरच्या चां. ता. बोरा महाविद्यालयासारख्या ठिकाणी रसायनशास्त्राचे विद्यार्थी आपापल्या गावच्या बोअरचे पाणी आणू शकतात, आणि पार्लरमध्ये कापलेल्या केसांच्या बटा फुकट मिळतात. एका बटेला घाण्याचे करडई, दुसरीला खोबरेल, तिसरीला सिरम, चौथी कोरी. निम्म्या बोअरच्या पाण्यात धुवायच्या, निम्म्या आरओच्या. जुलैतल्या एखाद्या दमट दिवशी त्या दोरीवर टांगायच्या, मागे आलेखाचा कागद लावायचा आणि दर तासाला प्रत्येकीची रुंदी मोजायची.